कच्च्या रंगातली नावे

राज्याच्या प्रशासनात एक वाक्य विनोद म्हणून चालते: काम नीट केले नाही तर गडचिरोलीला पाठवीन. मी ते सरकारी कँटीनमध्ये ऐकले आहे, पोलीस चौकीत ऐकले आहे, आणि एकदा लग्नाच्या पंगतीत, जावयाची थट्टा करणाऱ्या सासऱ्याच्या तोंडून. ऐकणारे हसतात. हसणाऱ्यांपैकी कोणाचे घर त्या जिल्ह्यात असेल, हे बोलणाऱ्याच्या मनात येत नाही. माझे आहे. वडशाला, रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याइतके जवळ. आमच्या घरातली लग्ने, आजारपणे, मयती सगळे इथेच झाले. आम्हाला इथे कोणी पाठवले नव्हते.

लोकप्रशासन हा माझा विषय. त्यातही संघटनांचा अभ्यास: कचेरी कशी चालते, हुकूम वरून खाली येईपर्यंत त्याचे काय होते, आणि नियमाला माणसे कुठे वळसा घालतात. या विषयाशी माझी पहिली ओळख वडिलांच्या दुकानात झाली.

अब्बा पेंटर. दिवाळीनंतर वडशात आमच्या झाडीपट्टी भागातल्या नाटक कंपन्यांची कार्यालये उघडतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक लागतात. त्या दिवसांत अब्बांना जेवायला सवड नसे. नायिकेचा चेहरा, खलनायकाची मिशी, नाटकाचे लांबलचक नाव. फ्लेक्स आला आणि चेहऱ्यांचे काम गेले. अक्षरांचे राहिले. होळीनंतर कंपन्या पांगल्या की ते आसपासच्या तालुक्यांतल्या सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या रंगवत. ते काम अजून चालू आहे.

कचेरीत अधिकाऱ्याचे नाव दोन ठिकाणी लिहिले जाते. एक दाराबाहेरच्या पाटीवर. दुसरे आत, भिंतीवरच्या लाकडी फलकावर, जिथे आजवरच्या सगळ्या अधिकाऱ्यांची नावे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा रकान्यांसह ओळीने असतात. बाकी ठिकाणी ही कामे ऑइलपेंटने होतात. अब्बा दारावरचे नाव खडूच्या रंगाने लिहीत. खडूची पूड, थोडा डिंक, पाणी. लांबून फरक कळत नाही. ओले फडके फिरवले की पाटी कोरी.

सुरुवात काटकसरीतून झाली. इथे रुजू होणारा अधिकारी बहुधा सामान सोडायच्या आधी परत जाण्याच्या खटपटीला लागतो. अब्बांचा रंग वाळतो न वाळतो तोच नव्या नावाचा निरोप येई. म्हणून त्यांनी नावासाठी कच्चा रंग काढला. पद ते पक्क्या रंगात लिहीत, कारण पद कुठे जात नाही. काही कचेऱ्यांत त्यांनी पदाच्या आधीचा ‘प्रभारी’ हा शब्दही पक्का लिहून टाकला. एका माणसाकडे दोन-तीन खुर्च्यांचा कारभार असायचा आणि तो शब्द पुसण्याची वेळ क्वचितच येई. एकदा पूर्णवेळ नेमणूक घेऊन आलेल्या एका अधिकाऱ्याने तक्रार केली की मी प्रभारी नाही. अब्बांनी त्या शब्दावर रंगवलेल्या कागदाची पट्टी चिकटवली. बाहेर येऊन बाबूंना सांगितले की पट्टी सहज निघेल अशी लावली आहे.

पुढे काटकसरीची समजूत झाली. एक-दोघांनी हट्टाने पक्का रंग लावून घेतला आणि योगायोगाने त्यांच्या बदल्या लगेच आल्या. शिपायांमध्ये बोलणे पसरले की पेंटरभाऊचा पक्का रंग लागला की माणूस जातो. मग कचेऱ्यांनी ही समजूत कामाला लावली. लोकांशी नीट बोलणारा, फायली अडवून न ठेवणारा अधिकारी आला की अब्बांना निरोप मिळे, नाव कच्चेच राहू द्या. पावसाळ्याच्या दमटाने अक्षरे फिकी पडली तर शिपाई स्वतः खडूने गिरवून घेत. आणि लोकांना व्हरांड्यात ताटकळत ठेवणारा आला की वेगळा निरोप येई.

अब्बांसोबत फिरताना एका पंचायत समितीत मी तो निरोप समोर उभी राहून ऐकला. साहेब आत होते. शिपाई बाहेर येऊन हळूच म्हणाला, “पेंटरभाऊ, सायबाचं नाव पक्कं करून टाका. आजच.”

अब्बा म्हणाले, “आज तं कच्चाच डबा आणला.”

“मंग उद्या या. पण दोन हात मारा. एका हातात हा जाणारा नाई.”

बडे बाबू, म्हणजे तिथले हेडक्लार्क, मान खाली घालून फाईल चाळत होते. त्यांनी मान वर न करता सुचवले की सोनेरी रंग असेल तर तोच लावा. दुसऱ्या दिवशी साहेबांनी दारात उभे राहून आपले सोनेरी नाव पाहिले, अब्बांना चहा पाजला आणि या भागातले कर्मचारी फार आदर ठेवतात, असे मला सांगितले.

ही समजूत खोटी आहे. मी ती तपासून पाहिली आहे. पक्क्या रंगातले अधिकारी टिकले आणि कच्च्यातले गेले, अशी उदाहरणे हवी तेवढी आहेत. मी हे अब्बांना सांगितले तेव्हा ते ब्रश रॉकेलमध्ये धूत होते. “तू शिकली तं लय,” ते म्हणाले, “पण पाट्या मी लिवून राह्यलो.”

वाद मिटला नाही. पण माझ्या कामाला एक टोक मिळाले. अधिकाऱ्याबद्दल मत मांडायला कचेरीत कुठेही जागा नसेल तर ते ऑइलपेंटच्या डब्यात जाऊन बसते. आणि मत एकाच गोष्टीबद्दल होते: हा राहावा की जावा.

या अभ्यासाकडे वळण्याआधी काही वर्षे मी चंद्रपूरला एका दैनिकाच्या डेस्कवर होते. घुग्घुसहून खाणीच्या पाळीची बातमी येई, मूलहून धानाची, आणि आठवड्यातून एकदा बदल्यांची. बदल्यांचा मजकूर माझ्याकडे असे. भाषा ठरलेली होती. नागपूरला, पुण्याला किंवा नाशिकला ‘नियुक्ती’ होई. गडचिरोलीला ‘रवानगी’ होई. एकाच आदेशातली दोन नावे, एकाच सहीची, आणि आमच्या पानावर एकाची नियुक्ती आणि दुसऱ्याची रवानगी. मी एकदा दोन्हीकडे ‘बदली’ असा शब्द घातला. वृत्तसंपादकांनी तो काढून जुने शब्द परत घातले. ते चंद्रपूरचेच. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेले कपडे कोळशाच्या धुळीने करडे होतात अशा शहरात त्यांचा जन्म गेला होता. तरी गडचिरोली म्हटले की त्यांना वाईट वाटे, अगदी मनापासून.

मी कारण विचारले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“वाचकाले समजते ना? मंग झालं.”

मी म्हणाले, वडशाच्या वाचकाला यातून काय समजायचे?

“वडशाले आपला अंक दुपारी पोचते,” ते म्हणाले. “तोवर बातमीच शिळी होऊन जाते. तू काऊन जीव जाळून राह्यली?”

डेस्कवर हशा पिकला. मीही हसले असेन. पण पुढच्या आठवड्यात मी पुन्हा ‘बदली’ लिहिले आणि त्यांनी पुन्हा काढले. हे बरेच दिवस चालले. एकदा त्यांना सुट्टी होती तेव्हा शब्द छापून गेला. कोणाच्याही लक्षात आले नाही. त्या दिवशी माझ्या लक्षात आले की शब्द पानावर बदलून भागणार नाही, तो तयार होतो तिथे जावे लागेल. मी नोकरी सोडली आणि लोकप्रशासनात पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घेतला. नंतर त्याच विषयात प्रबंध.

प्रबंधाचा प्रश्न साधा होता. इथल्या खुर्च्या रिकाम्या का राहतात? तयार उत्तरे सगळ्यांकडे होती. जंगल, हिवताप, नक्षलवादी, मुलांना शाळा नाही, सिग्नल नाही. ही उत्तरे खोटी नाहीत. पण वडसा, आरमोरी, कुरखेडा अशा ठिकाणी शाळा आहे, दवाखाना आहे, मोबाइल चालतो, आणि खुर्ची तिथेही रिकामी असते. मी अधिकाऱ्यांना विचारत गेले की इथे बदली झाल्याचे कळल्यावर घरी पहिले वाक्य कोण काय बोलले. जवळजवळ प्रत्येकाच्या घरात कोणीतरी विचारले होते: तुमचे काय चुकले?

माझा निष्कर्ष त्या प्रश्नातून निघतो. शासन ज्याला शिक्षा करू इच्छिते त्याला आमच्याकडे पाठवते. त्यामुळे ज्याचे काही चुकले नाही त्यालाही इथे येणे शिक्षा वाटते. शिक्षा झालेला माणूस दिवस मोजतो. चांगली रस्त्यालगतची कचेरीसुद्धा मग तुरुंगासारखी चालते, फरक इतकाच की कैदी खुर्चीत असतो आणि भोगणारे बाहेर व्हरांड्यात.

व्हरांड्यातल्या एका बाईशी मी बोलले होते. कुरखेड्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची गोंड बाई, मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी आलेली. सोबत मोहाच्या फुलांची पिशवी होती, जाताना बाजारात घालायची. दाराला कुलूप नव्हते, आत पंखा फिरत होता, खुर्ची रिकामी. मी विचारले, साहेब कुठे गेले. ती म्हणाली, “गेले नाई. आलेच नाई अजून. हे सायेब येनार हायेत, असं मागच्या पावसापासून आयकून राह्यली.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला तिचे काय चुकले हे अजून कोणी सांगू शकलेले नाही.

प्रबंधाचे मार्गदर्शक नागपूरचे. त्यांनी मसुदा वाचून सांगितले की विषय चांगला आहे, भाषा बातमीची आहे, आणि ‘शिक्षा’ हा शब्द परीक्षकांना झोंबेल. मी विचारले की चुकीचा आहे का. ते म्हणाले, चुकीचा असता तर झोंबला नसता. पदवी मिळाली. मी वडशाला परत येऊन एका महाविद्यालयात शिकवू लागले.

या काळातली एक घटना पुढच्या सगळ्याच्या मुळाशी आहे. एका तालुक्याला गटविकास अधिकारी म्हणून एक बाई आल्या. उसाच्या पट्ट्यातून. तिथे एका अर्धवट पुलाला पूर्ण झाल्याचा दाखला द्यायला त्यांनी नकार दिला आणि त्यांची आमच्याकडे ‘रवानगी’ झाली. पहिले काही महिने त्यांनी परत जायचा अर्ज केला नाही, तेव्हाच कचेरीत कुजबुज सुरू झाली. त्या गावोगाव फिरत. ग्रामसभेत मागे, बायकांमध्ये बसत. शिपायांनी अब्बांना बजावून ठेवले होते की या बाईंच्या पाटीला पक्का रंग लागला तर तुमचा ब्रश जाळू.

बाईंना कळले. त्यांनी अब्बांना बोलावून विचारले, भाऊ, सगळ्यांची नावे चकाकतात, माझेच फिके का? शिपाई म्हणाला, “बाई, तुमचं फिकंच बरं हाय.” कारण ऐकून त्या हसल्या आणि पाटीला हात लावू नका असे त्यांनीच सांगितले.

मुदत संपत आली तेव्हा त्यांनी मुदतवाढ मागितली. नियमात बसते. मात्र असा अर्ज आमच्या भागातून कधी आला असेल असे वरच्या कचेरीला आठवत नव्हते. जायचे असेल तर कारणे तयार असतात: आईवडिलांचे आजारपण, मुलांचे शिक्षण, जोडीदाराची नोकरी. राहायचे असेल तर काय कारण असू शकते? अर्ज शेऱ्यासह परत आला. सदर ठिकाणी राहण्यात आपले कोणते हितसंबंध आहेत, खुलासा करावा. बाईंनी एका ओळीत खुलासा केला की काम अपुरे आहे. त्यावर चौकशी लागली. एक अधिकारी आला, त्यांच्या क्वार्टरवर गेला, आसपास जमीन घेतली आहे का, कोणा ठेकेदाराशी येणेजाणे आहे का, हे शेजाऱ्यांना विचारले. क्वार्टरमध्ये त्याला मच्छरदाणी आणि दोरीवर वाळत घातलेल्या, पावसात भिजलेल्या फायली सापडल्या. त्याने स्वतःच बडे बाबूंना विचारले म्हणे, “मग बाईंना इथे राहायचे का आहे?” चौकशीत काही निघाले नाही आणि मुदतवाढही मिळाली नाही. बाईंची बदली झाली. नाव शेवटपर्यंत खडूत होते.

मी अब्बांना म्हणाले, बघा, तुमचा कच्चा रंगही थांबवू शकला नाही. त्यांना हा प्रश्न पडलाच होता आणि त्यांनी उत्तरही शोधले होते. अंगणवाडीच्या नव्या इमारतीच्या कोनशिलेवर बाईंचे नाव कोरले गेले होते.

“दगडात कोरलं ना,” अब्बा म्हणाले. “ते तं पेंटपेक्षा पक्कं. मले इचारलं असतं तं मी कोरूच देल्लं नसतं.”

काही काळाने पश्चिम महाराष्ट्रातल्या एका प्रशिक्षण संस्थेने मला बोलावले. नव्या अधिकाऱ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक तयार होत होते आणि दुर्गम भागातल्या प्रशासनावरचे प्रकरण माझ्याकडे होते. मी ते लिहिले. बाईंची परवानगी घेऊन, नाव न देता, त्यांच्या अर्जाची हकीकत त्यात घातली. प्रकरण पाठवल्यावर संस्थेकडून विचारणा झाली की तुम्ही इथेच पूर्णवेळ प्राध्यापक म्हणून याल का. पद मोठे होते. या विषयात काम करणाऱ्याला त्याहून चांगली जागा राज्यात नव्हती, आणि तिथून शिकून जाणारे अधिकारी पुढे बदल्यांच्या आदेशांवर सह्या करणार होते. मी होकार कळवला. अब्बा दोन दिवस दुकानातच जेवले.

कागदपत्रे पूर्ण करायला आणि एक व्याख्यान द्यायला मी तिथे गेले. संचालकांनी चहाला बोलावले. निवृत्त सनदी अधिकारी, बोलणे मृदू, टेबल स्वच्छ. माझे प्रकरण समोर होते आणि त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

“मॅडम, फार छान झाले आहे. फक्त ‘शिक्षा’ हा शब्द काढू. ‘आव्हानात्मक कार्यक्षेत्र’ असे करू.”

मी विचारले की आव्हान म्हणून तिकडे कोणाला पाठवल्याचा एक तरी आदेश दाखवता येईल का.

ते हसले. “आदेशात शिक्षा असेही कोणी लिहीत नसते.”

“म्हणूनच प्रकरणात लिहिले आहे,” मी म्हणाले.

त्यांनी दुसरी खूण दाखवली. गटविकास अधिकारी बाईंचा भाग पूर्ण वगळायचा होता. अपवाद आहे, म्हणाले, आणि नव्या मुलांच्या मनात व्यवस्थेबद्दल शंका नको. त्यांनी हे समजावून सांगितले, दडपण आणले नाही. पदाचा उल्लेखही केला नाही. त्याची गरज नव्हती, नेमणुकीची फाईल त्याच टेबलावर प्रकरणाच्या खाली होती. मग चहाचा कप उचलताना, अगदी सहज, ते म्हणाले, “आणि तसे पाहिले तर तुम्हीसुद्धा वडसा सोडून इकडे यायला तयार झालातच की.”

दैनिकाच्या डेस्कवर एक सवय लागते. वाक्य आवडो न आवडो, आधी ते बरोबर आहे का हे पाहायचे. मी पाहिले. बरोबर होते. मी ती जागा घेतली असती तर माझ्या प्रकरणातले सगळ्यात भक्कम उदाहरण मीच ठरले असते. गडचिरोलीतून सुटलेली आणखी एक. आणि दोन खुणा मान्य करून सुटलेली.

मी म्हणाले, “मग मी येत नाही. प्रकरण छापायचे असेल तर एकही शब्द न बदलता छापा. नाहीतर परत द्या.”

घाई करू नका, त्यांनी सांगितले. उद्यापर्यंत विचार करा.

“माझा विचार तुमच्यासमोर टाइप केलेला पडला आहे,” मी म्हणाले आणि हात पुढे केला. त्यांनी कागद दिले. पेन्सिलीच्या खुणांसकट.

व्याख्यान ठरलेले होते, ते रद्द करायचे कोणाला सुचले नाही. समन्वयकाने ओळख करून देताना तो विनोद केलाच. मॅडम गडचिरोलीच्या आहेत, तेव्हा लक्ष द्या, नाहीतर त्यांच्याच गावी जावे लागेल. सभागृह हसले. मी हसणे थांबेपर्यंत उभी राहिले, आणि माझ्या घराच्या दिशेने हे हसणे गेली कित्येक वर्षे येते आहे, आज मी त्याची दिशा मोजून दाखवणार आहे, एवढे सांगून प्रकरणातला वगळायला सांगितलेला भाग वाचायला घेतला. अर्ज, शेरा, खुलासा, चौकशी, मच्छरदाणी. मग अब्बांच्या पाट्या सांगितल्या. सोनेरी रंगावर मोठा हशा झाला. हा हशा वेगळा होता. यात हसण्याचा विषय खुर्ची होती.

मागच्या रांगेतून एका मुलीने हात वर केला. “मॅडम, माझे नाव तुमचे वडील कशाने लिहितील?”

“ते त्यांच्या हातात नसते,” मी म्हणाले. “शिपाई ठरवतात.”

त्यावर मात्र कोणी हसले नाही. काहींनी लिहून घेतले.

पाठ्यपुस्तक माझ्या प्रकरणाशिवाय निघाले. त्या जागी दुसऱ्या कोणी लिहिलेले ‘आव्हानात्मक कार्यक्षेत्र’ नावाचे प्रकरण आहे. मी माझे प्रकरण वडशात, नाटकांची हँडबिले छापणाऱ्या प्रेसमध्ये छापून घेतले. मुखपृष्ठाला हँडबिलाचाच गुलाबी कागद होता, कारण मालकाकडे दुसरा नव्हता. प्रती गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या तालुका कचेऱ्यांना टपालाने पाठवल्या. एका कचेरीतून पाकीट न फोडता परत आले. बाकीच्या परत आल्या नाहीत. गटविकास अधिकारी बाईंना एक पाठवली. त्यांचा फोन आला, आणि त्यांनी पहिले काय विचारले तर त्या खुर्चीत आता कोण आहे. मी सांगितले, प्रभारी.

महाविद्यालयाने मला एक खोली दिली आहे. कचेऱ्यांचा अभ्यास करणारे विद्यार्थी तिथे बसतात, गावोगावचे लोक आपल्या अडलेल्या कामांच्या हकिकती सांगायला येतात. दाराला पाटी हवी होती. अब्बा स्वतःच ब्रश घेऊन आले आणि खडूच्या पुडीत पाणी घालू लागले.

मी म्हणाले, ऑइलपेंट लावा.

त्यांनी ऐकले नाही असे दाखवले. मी पुन्हा म्हणाले.

“तुले जायचं हाय का?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“मंग कच्चंच राहू दे बेटा. माझं आयक. एक डाव तं तू निघालीच होती.”

मी त्यांना समजूत खोटी असल्याचे परत सांगितले नाही. त्याचा उपयोग नव्हता. दुसरे सांगितले. कच्चे नाव त्याचे, ज्याचा आदेश दुसऱ्याच्या हातात आहे. मला इथे कोणी पाठवलेले नाही, त्यामुळे परतही कोणी बोलावू शकत नाही. फिक्या अक्षरांत लपून राहायची मला गरज काय? मी आपल्या घरी आहे, अब्बा. आणि पाटीवर लिहू नका, पाटी काढता येते. भिंतीवर लिहा.

त्यांनी भिंतीवरून बोट फिरवून पाहिले. मग म्हणाले, “चुना खरवडा लागते आधी.” आणि त्यांनी पिशवीतून खरवडायची पत्री काढली. ऑइलपेंटचा डबाही पिशवीत होता. त्यांनी तो आणला होता, हे मी बोलून दाखवले नाही.

दोन हात मारले. काळी अक्षरे, वळणदार, नाटकाच्या फलकावर नायिकेच्या नावाला देत तशी जाडी. शेवटी सवयीने त्यांनी नावापुढे पट्टीने उभी रेघ मारली, ‘पासून’ लिहिले, महिना आणि साल टाकले, शेजारी दुसरी रेघ मारून ‘पर्यंत’ हा शब्द लिहायला घेतला. पहिले अक्षर उमटलेही.

मी म्हणाले, तो रकाना नको.

अब्बांनी हात थांबवला. फडके रॉकेलमध्ये बुडवून ते अक्षर पुसले, रेघ पुसली. चुन्यात मुरलेला काळसर डाग मात्र राहिला. त्यावर पांढरा हात मारून देतो, असे ते तेव्हापासून म्हणत आहेत. मी त्यांना मारू दिलेला नाही. येणारे विचारतात, इथे काय होते. मी सांगते.